रुरिक ते पीटर : जुन्या रशियन राजघराण्यांची चित्रं वाचायची कशी

रुरिकचं नाव सर्चमध्ये टाकलं की हमखास एक दाढीवाला, करारी चेहऱ्याचा माणूस समोर येतो आणि खाली लिहिलेलं असतं, रशियाचा पहिला राजा. आता जुनी बखर सांगते की रुरिक आला ८६२ साली, आणि त्याचं जे चित्र सगळ्यात जास्त फिरतं ते आहे १६७२ सालच्या एका हस्तलिखितातलं, मॉस्कोच्या परराष्ट्र खात्यात तयार केलेलं. मधे आठशे दहा वर्षं गेलीत. ज्याने ते काढलं त्याच्यासमोर रुरिकचा चेहरा सोडाच, तो कसा दिसायचा याचं दोन ओळींचं वर्णनसुद्धा नव्हतं.

आणि हे एकट्या रुरिकचं नाही, त्याच्यानंतरचे राज्यकर्ते घ्या, ओल्गा, व्लादिमिर, अलेक्झांडर नेव्हस्की, यांचे जे चेहरे आपण नेटवर बघतो ते बहुतेक सगळे १७व्या शतकापासून पुढचे, काही तर चक्क २०व्या शतकातले. पण म्हणून त्या काळची चित्रंच नाहीत असं समजू नका. आहेत, थोडी आहेत पण फार मोलाची आहेत, आणि लोक ती बघून पुढे जातात कारण त्यात सगळे चेहरे एकसारखे वाटतात. मला नेमकं यावरच लिहायचंय, कारण ती चित्रं काढणाऱ्याला चेहरा दाखवायचाच नव्हता. त्याला दाखवायचं होतं की हा कोण, याला गादी कुणी दिली आणि याच्या बाजूला कोण उभं आहे. आपल्याकडे लग्नाच्या ग्रुप फोटोत कोण मधे आहे आणि कुणाला कडेला सरकवलंय यावरून घरातलं राजकारण कळतं ना, अगदी तसं बघायचं, मग ही चित्रं बोलायला लागतात.

थोडी पार्श्वभूमी. सुरुवातीला मॉस्को वगैरे काही नव्हतं, राज्य होतं ‘रुस’चं, कीव्ह आणि नोव्हगोरोद ही त्यातली मोठी शहरं, आणि आजचे रशिया, युक्रेन, बेलारूस तिघंही त्याला आपला वारसा मानतात. ९८८च्या सुमारास कीव्हच्या व्लादिमिरने कॉन्स्टँटिनोपलकडून, म्हणजे बायझंटाइन साम्राज्याकडून, ख्रिस्ती धर्म घेतला आणि तिथल्या सम्राटांची बहीण ॲना हिच्याशी लग्न केलं. धर्माबरोबर चित्रकलाही तिकडूनच आली. त्या परंपरेत चित्र म्हणजे मुख्यतः आयकॉन, पूजेचं, प्रार्थनेचं चित्र, ठरलेल्या नमुन्याप्रमाणे काढलेलं. जिवंत माणसाचं चित्र भिंतीवर हौसेने टांगायचं ही कल्पनाच नव्हती. राजा दिसायचा तो मोजक्या जागी : नाण्यावर, चर्च बांधून दिलं तर त्याच्या भिंतीवर, ग्रंथ लिहून घेतला तर त्याच्या पहिल्या पानावर.

नाण्यापासूनच सुरुवात करू. व्लादिमिरने पाडलेली सोन्याची आणि चांदीची नाणी आज मिळतात, त्यातली सोन्याची तर अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. एका बाजूला ख्रिस्त, दुसऱ्या बाजूला खुद्द व्लादिमिर, डोक्यावर क्रॉस असलेला मुकुट, मुकुटाच्या दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या माळा, हातात क्रॉस. आणि भोवती लिहिलंय ते वाचण्यासारखं आहे, काहींवर ‘व्लादिमिर, आणि हे त्याचं सोनं’, काहींवर ‘व्लादिमिर गादीवर’. बस, एवढंच सांगायचंय. नमुना सरळ बायझंटाइन सोन्याच्या नाण्याचा, म्हणजे त्याच्या मेहुण्यांच्या नाण्याचा, मुकुटही तिकडचाच. त्यात त्याने स्वतःचं म्हणून एकच घातलं, खांद्याशी एक त्रिशूळासारखं चिन्ह, त्याच्या घराण्याची खूण. पुढच्या नाण्यांवर तर ख्रिस्ताला काढून ती पूर्ण बाजूच त्या चिन्हाला दिली. आज युक्रेनच्या राजचिन्हात जो त्रिशूळ दिसतो तो हाच.

व्लादिमिरचा मुलगा यारोस्लाव, ज्याला ‘शहाणा’ म्हणतात, त्याच्या काळात कीव्हच्या सेंट सोफिया कॅथेड्रलच्या भिंतींवर त्याच्या अख्ख्या कुटुंबाचं मोठं चित्र काढलं गेलं. मधोमध चर्चची प्रतिकृती हातात घेतलेला राजा, आणि दोन्ही बाजूंना बायकोमुलं रांगेत, ख्रिस्ताकडे निघालेली. हे चित्र पूर्ण राहिलं असतं तर काय बहार आली असती, पण पुढच्या शतकांत चर्चची पडझड झाली, मधला भाग गेला. १६५१ साली अब्राहम व्हान वेस्टरफेल्ड नावाचा डच चित्रकार लिथुआनियाच्या सैन्याबरोबर कीव्हला आला होता, त्याने जे दिसत होतं त्याचं रेखाटन करून ठेवलं. ते मूळ रेखाटनही हरवलं आणि आपल्याकडे आहे ती त्याची १८व्या शतकातली नक्कल. भिंतीवर आज दक्षिणेकडे चार आकृत्या आहेत, ज्यांना सगळीकडे ‘यारोस्लावच्या मुली’ म्हणतात. पण १९व्या शतकात दुरुस्ती करणाऱ्यांनी त्यांच्यावर नवीन रंग चढवून त्यांच्या चक्क संत बायका केल्या होत्या, तो रंग नंतर काढला, आणि त्या मुली आहेत की त्यातले काही मुलगे आहेत यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. तरी लोकांना त्या मुलीच हव्या असतात आणि ते समजण्यासारखं आहे, कारण या मुलींची लग्नं बघा, एक ॲना फ्रान्सच्या राजा हेन्री पहिल्याला दिली, एलिझाबेथ नॉर्वेच्या हाराल्डला, अनास्तासिया हंगेरीच्या अँड्र्यूला. अर्ध्या युरोपशी सोयरीक जुळवलेल्या माणसाला आपलं कुटुंब असं ओळीने भिंतीवर का हवं होतं हे वेगळं सांगायला नको.

आता येतं ते माझं सगळ्यात आवडतं प्रकरण, कारण यात चित्रं दोन आहेत आणि भाऊबंदकी एक आहे.

यारोस्लाव १०५४ला गेला, मोठा मुलगा इझ्यास्लाव कीव्हच्या गादीवर बसला. १०७३ साली धाकट्या भावाने, स्व्यातोस्लावने, त्याला हाकलून दिलं आणि गादी घेतली. त्याच साली त्याच्यासाठी एक देखणा ग्रंथ पूर्ण झाला, धर्म, तत्त्वज्ञान, असे बरेच विषय एकत्र केलेला, मूळ बल्गेरियाच्या झार सिमेऑनसाठी केलेल्या संग्रहाची ही नक्कल. अभ्यासक म्हणतात की हे काम इझ्यास्लावसाठीच सुरू झालं होतं आणि गादी बदलली तसं ग्रंथातलं नाव खरवडून तिथे स्व्यातोस्लावचं घातलं. या ग्रंथात पानभर कुटुंबाचं चित्र आहे. स्व्यातोस्लाव पुढे, निळा झगा, सोनेरी काठ, डोक्यावर फरची किनार असलेली गोल टोपी, हातात ग्रंथ, तो ख्रिस्ताला द्यायला निघालाय. बाजूला बायको, डोक्याला वस्त्र गुंडाळलेलं, तिच्या हाताशी छोटा मुलगा. मागे मोठी मुलं इतकी दाटीवाटीने की काहींचे फक्त चेहरे आणि टोप्या दिसतात. ही टोपी लक्षात ठेवा, फरच्या किनारीची, कारण पुढची कित्येक शतकं रशियन चित्रात ही टोपी दिसली की समजायचं, हा राजघराण्यातला माणूस. बायझंटाइन मुकुट नाण्यावर घातला असेल पण घरच्या चित्रात टोपी ती स्वतःचीच.

वर नावं लिहिलीत. ग्लेब, ओलेग, डेव्हिड, रोमान, यारोस्लाव, सगळ्या मुलांची. स्व्यातोस्लावचं. आणि बायकोच्या वर काय? फक्त ‘राणी’. नाव नाहीच. इतर साधनांवरून ती ओडा नावाची जर्मन उमरावाची मुलगी होती असं मानतात, पण तिच्याच घराच्या चित्रात तिचं नाव लिहायची कुणाला गरज वाटली नाही. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

दुसरी बाजू. हाकललेला इझ्यास्लाव बायको गेरट्रूड आणि मुलगा यारोपोल्क यांना घेऊन पश्चिमेला पळाला, पोलंड, मग जर्मनी, मदत मागत. गेरट्रूड पोलंडच्या राजघराण्यातली, शिकलेली, लॅटिन लिहिणारी. तिच्याकडे १०व्या शतकात जर्मनीतल्या ट्रियरच्या आर्चबिशपसाठी बनवलेलं एक जुनं स्तोत्रांचं पुस्तक होतं, त्यात तिने स्वतःच्या लॅटिन प्रार्थना घातल्या, बऱ्याचशा मुलासाठीच, आणि काही चित्रंही काढून घेतली. हे पुस्तक आज इटलीत चिविदाले गावी आहे. एका चित्रात संत पीटर भलामोठा उभा आहे, त्याच्यासमोर यारोपोल्क हात पसरून उभा, शेजारी त्याची बायको, आणि गेरट्रूड पार खाली वाकून संताच्या पायाशी, पाय धरून. संत पीटरच का? कारण यारोपोल्कचं बाप्तिस्म्याचं नाव पीटर, आणि शिवाय १०७५ साली हाच यारोपोल्क बापाच्या वतीने रोमला पोपकडे, म्हणजे संत पीटरच्याच गादीकडे, मदत मागायला गेला होता. दुसऱ्या चित्रात ख्रिस्त स्वतः यारोपोल्कच्या आणि त्याच्या बायकोच्या डोक्यावर मुकुट ठेवतोय. म्हणजे काका इकडे कीव्हमध्ये ग्रंथ हातात घेऊन धर्मात्मा राजा म्हणून उभा आहे आणि आई तिकडे आपल्या पोराला थेट देवाकडून मुकुट घालून देतेय. चेहऱ्यांवरून यातलं काहीच कळलं नसतं.

आणि गेरट्रूडच्या वर काय लिहिलंय माहितीये? ‘यारोपोल्कची आई’. पुस्तक तिचं, प्रार्थना तिच्या, तरी चित्रात तिची ओळख मुलावरूनच.

पुढचं जरा भराभर सांगतो. १२व्या शतकात जोर ईशान्येकडच्या व्लादिमिर शहराकडे सरकला. तिथल्या सेंट डिमिट्री कॅथेड्रलच्या पांढऱ्या दगडी भिंतींवर शेकडो कोरीव आकृत्या आहेत, सिंह, पक्षी, झाडं, आणि उत्तरेच्या बाजूला उंचावर एक राजा बसलाय, मांडीवर छोटं मूल, दोन्ही बाजूंनी मुलं वाकून येताहेत. हा व्सेवोलोद, ज्याला मुलं इतकी होती की इतिहासात त्याचं नावच ‘मोठं घरटं’ पडलं. नोव्हगोरोदजवळ नेरेदित्साच्या चर्चमध्ये त्याच्या मुलाचं, यारोस्लाव व्सेवोलोदोविचचं, चित्र होतं, हातात चर्चची प्रतिकृती आणि समोर ख्रिस्त. होतं असं म्हणतोय कारण दुसऱ्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यात ते चर्च उद्ध्वस्त झालं, चर्च पुन्हा बांधलं पण ते चित्र आता फक्त जुन्या फोटोंत आणि नकलांत आहे.

मग मंगोल आले, कीव्ह पडलं, आणि हळूहळू मॉस्को वर आलं. या काळातली राजघराण्याची उत्तम चित्रं कापडावर आहेत, भरतकामात, हे फार जणांना माहीत नसतं. मॉस्कोच्या क्रेमलिनमधल्या आर्मरी म्युझियममध्ये एक अंगरखा आहे, रशियाचा मुख्य धर्मगुरू फोतिओस याच्यासाठी कॉन्स्टँटिनोपलमध्ये १४१४ ते १४१७च्या दरम्यान भरलेला, सोन्याचांदीची जर, मोती, रेशीम. त्याच्या समोरच्या भागात खालच्या अंगाला दोन जोडपी आहेत. एक मॉस्कोचा राजा वासिली पहिला आणि त्याची बायको सोफिया. दुसरं बायझंटाइन साम्राज्याचा वारस जॉन पॅलिओलोगस आणि त्याची बायको ॲना. आता ही ॲना कोण, तर त्याच वासिली आणि सोफियाची मुलगी. जरा जवळून बघा, जावयाच्या आणि मुलीच्या डोक्यामागे प्रभावळ आहे, नावं ग्रीकमध्ये. आईबापांच्या डोक्यामागे प्रभावळ नाही, नावं रशियन लिपीत. मुलगी सम्राटाच्या घरात गेली म्हणून तिच्या डोक्यामागे तेज आलं, आणि बाप स्वतःच्या मुलुखात राजा असूनही खालच्या पायरीवरच, हे कॉन्स्टँटिनोपलच्या कारागिरांनी सुईदोऱ्याने लिहून पाठवलं, आणि मॉस्कोचा धर्मगुरू तोच अंगरखा घालून पूजेला उभा राहायचा. ती ॲना बिचारी १४१७ साली प्लेगने वारली, सम्राज्ञी झालीच नाही, तिचं जे काही रूप उरलं ते या कापडावर.

त्यानंतर ३६ वर्षांनी कॉन्स्टँटिनोपलच पडलं आणि उलटी गंगा वाहिली. शेवटच्या सम्राटाची पुतणी सोफिया रोममध्ये पोपच्या आश्रयाला वाढत होती, तिचं स्थळ मॉस्कोच्या इव्हान तिसऱ्यासाठी आलं. बोलणी करायला गेलेल्या इटालियन माणसाने तिचं चित्र बरोबर आणलं, आता इटलीत तेव्हा पोर्ट्रेट काढणं रोजचं होतं, पण मॉस्कोच्या बखरकाराला ही चीज काय म्हणून लिहायची हेच कळेना, त्याने लिहिलं की राजकन्या ‘आयकॉनवर काढून’ आणली. खऱ्या माणसासारखं दिसणारं चित्र मॉस्कोच्या दरबारात पोचल्याची ही सगळ्यात जुनी ठळक नोंद, आणि ते चित्र हरवलंय. (याच सुमारास, १४७०च्या आसपास, त्व्हेर गावचा व्यापारी अफानासी निकितिन आपल्याकडे चौलला उतरून जुन्नरला पावसाळा काढत होता, रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, कधी गेलात तर हा काळ डोक्यात ठेवून बघा.) १४७२ला सोफिया मॉस्कोला आली, लग्न झालं. १९९०च्या दशकात तिच्या कवटीवरून चेहरा घडवलाय, म्हणजे इव्हानने लग्नाआधी बघितलेलं चित्र आपल्याला दिसत नाही पण हाडांवरून अंदाज तरी आहे.

या सोफियाच्या घरातही पुढे तेच झालं जे राजघराण्यात होतं. इव्हानचा पहिल्या बायकोपासूनचा मुलगा वारला, त्याचा मुलगा डिमिट्री म्हणजे इव्हानचा नातू एका बाजूला, आणि सोफियाचा मुलगा वासिली दुसऱ्या बाजूला, गादी कुणाला? फेब्रुवारी १४९८मध्ये इव्हानने नातवाला राज्याभिषेक केला. नातवाची आई एलेना, मोल्दाव्हियाच्या स्टीफनची मुलगी, हिच्या देखरेखीखाली एक मोठं भरतकाम तयार झालं असं मानतात, आज ते मॉस्कोच्या हिस्टॉरिकल म्युझियममध्ये आहे. त्यात आयकॉनची मिरवणूक चाललीय, गर्दी, झाडांच्या फांद्या, आणि त्या गर्दीत इव्हान, नातू, मुलगा, सोफिया, एलेना, सगळे ओळखता येतात असं अभ्यासकांचं म्हणणं. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन गट कापडावर मात्र एकाच मिरवणुकीत. चार वर्षांनी फासा फिरला, १५०२ला एलेना आणि डिमिट्री कैदेत गेले, दोघंही तिथेच मेले, आणि वासिली गादीवर आला. पण सुईने जे टाचून ठेवलं ते तसंच राहिलं.

वासिली तिसऱ्याचा मुलगा इव्हान चौथा, ‘भयंकर’ इव्हान. याच्याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ. आपल्या डोळ्यासमोर जो वेड्या डोळ्यांचा, रक्ताळलेल्या मुलाला कवटाळून बसलेला म्हातारा येतो तो इल्या रेपिनच्या १८८५च्या चित्रातला आहे, तीनशे वर्षांनंतरचा. त्यातल्या युवराजाच्या चेहऱ्यासाठी रेपिनसमोर बसला होता लेखक गार्शिन, आणि इव्हानसाठी त्याचा चित्रकार मित्र म्यासोयेदोव्ह. चित्र इतकं जबरदस्त आहे की त्याच्यावर १९१३ला एकाने सुरी चालवली आणि २०१८ला दुसऱ्याने लोखंडी दांडा मारला, पण तो १६व्या शतकातला चेहरा नव्हे. डेन्मार्कच्या नॅशनल म्युझियममध्ये एक लहान लाकडी चित्र आहे, अंड्याच्या बलकातल्या रंगाचं, आयकॉनसारखं, ते त्याच्या काळाच्या बऱ्यापैकी जवळचं मानतात. १९६३मध्ये त्याची कबर उघडली तेव्हा मिखाईल गेरासिमोव्हने कवटीवरून चेहरा घडवला, रुंद, जड, थकलेला माणूस दिसतो.

मग इव्हानने स्वतःचं चित्र काढून घेतलं नाही का? घेतलं की, पण वेगळ्या रीतीने. त्याच्या काळात जगाच्या उत्पत्तीपासून स्वतःच्या राज्यापर्यंतचा सचित्र इतिहास करायला घेतला, दहा खंड, १६,००० हून जास्त चित्रं. त्यात तो स्वतः पुन्हा पुन्हा येतो आणि चेहऱ्यावरून कधीच ओळखता येत नाही. डोक्यावर बघायचं. टोकेरी मुकुट म्हणजे झार किंवा सम्राट, फरची किनार असलेली टोपी म्हणजे राजपुत्र. रोमन सम्राटांनाही तोच मुकुट घातलाय, म्हणजे झार त्यांच्याच पंक्तीतला हे न बोलता सांगून टाकलं. १५४७ला इव्हान पहिल्यांदा झार म्हणून अधिकृत अभिषेक करून घेतो, त्यानंतर ही टोपी-मुकुटाची भानगड किती महत्त्वाची असेल बघा.

आणखी एक प्रकार सांगायलाच हवा, ‘मापाचा आयकॉन’. राजघराण्यात मूल जन्मलं की त्याच्या उंचीएवढी फळी करायची आणि त्यावर त्याच्या नावाच्या संताचं चित्र काढायचं. इव्हान चौथ्याचा मुलगा इव्हान, तोच जो पुढे बापाच्या हातून मेला, त्याचा १५५४चा असा आयकॉन आहे. पीटर द ग्रेटचा १६७२चा आहे, सुमारे ४९ सेंटीमीटर उंच, सुरुवात सायमन उशाकोव्हने केलेली. बाळाचा चेहरा त्यात कुठेच नाही, संताचाच आहे, पण लांबी मात्र तंतोतंत त्या बाळाची. मला तरी याच्याइतकं खरं शाही पोर्ट्रेट दुसरं सुचत नाही, कारण नंतरच्या सगळ्या चित्रांत खुशामत असू शकते, पण या फळीचं माप बाळाच्या अंगावरूनच घेतलेलं.

१७व्या शतकात मात्र चेहरा हळूहळू आत शिरतो. १६०६ला पोलंडहून आलेली मरिना म्निशेक झारची बायको म्हणून मॉस्कोत अभिषेक करून घेते, तिचा नवरा म्हणजे इव्हान चौथ्याचा मेलेला मुलगा डिमिट्री तो मीच असं सांगून गादीवर बसलेला तोतया, अभिषेकानंतर नवव्या दिवशी त्याला मारलं. या दोघांची पोलिश पद्धतीची तैलचित्रं आहेत, कपडे, दागिने, नजर, सगळं युरोपियन. रशियातले राजे अजून कबरीवर आयकॉनसारख्या फळ्यांवर दिसत होते, अशा आयकॉन आणि पोर्ट्रेटच्या अधल्यामधल्या चित्रांना पारसुना म्हणतात. झार अलेक्सीच्या, म्हणजे पीटर द ग्रेटच्या बापाच्या, काळात परदेशी चित्रकार दरबारात नोकरीला लागले, पोलंडकडून आलेल्या लोपुत्स्कीने १६५७ला झारला समोर बसवून चित्र काढलं, इराणमधल्या जुल्फाचा आर्मेनियन बोगदान साल्तानोव्ह आला. बायका मात्र महालाच्या वरच्या मजल्यावर पडद्याआड, परक्या चित्रकारासमोर बसणार कशा.

म्हणूनच उशाकोव्हचा १६६८चा आयकॉन मला इतका ग्रेट वाटतो. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. खाली क्रेमलिनची तटबंदी, आत कॅथेड्रल, आणि त्या कॅथेड्रलमधून एक वेल उगवून अख्खं चित्र व्यापते, गुलाब, द्राक्षं, फांद्यांवर गोल चौकटीत संत आणि जुने राजे, मधे मेरी आणि बाळ येशू. मुळाशी १४व्या शतकातला राजा इव्हान कलिता आणि धर्मगुरू पीटर ती वेल लावताहेत. आणि तटाच्या आत, एका बाजूला झार अलेक्सी, दुसऱ्या बाजूला राणी मारिया आणि दोन मुलं, अलेक्सी आणि फ्योदोर. राणी दिसतेय, मुलं दिसताहेत, पण अगदी छोटी, तटाच्या आत, वेलीच्या पायथ्याशी. दोन वर्षांच्या आत राणी आणि थोरला मुलगा दोघंही गेले, आणि पुढे धाकटा फ्योदोर झार झाला. चित्रात घराणं भरलेलं आहे.

यानंतर चारच वर्षांनी ते हस्तलिखित झालं ज्यातून रुरिकचा चेहरा आला. त्यात रुरिकपासून अलेक्सीपर्यंत सगळे राजे एका साच्यात ओळीने बसवलेत, सोबत परदेशी राजांची चित्रं, मोहरा, राजचिन्हं. कुठल्या राजाला पत्र कुठल्या पदव्या लावून लिहायचं याचं ते सरकारी पुस्तक, त्यामुळे प्रत्येकाला एक चेहरा असणं गरजेचं होतं, अलेक्सीचं रोमानोव्ह घराणं गादीवर येऊन तेव्हा साठ वर्षंही झाली नव्हती आणि त्यांना रुरिकपर्यंत सलग माळ ओवलेली दाखवायची होती. त्या पुस्तकाला खोटं म्हणू नये. ते १६७२च्या मॉस्कोचं खरं चित्र आहे, ९व्या शतकाचं नाही.

मग सोफिया अलेक्सेयेव्हना, पीटरची सावत्र बहीण, १६८२ ते १६८९ राज्य चालवणारी. तिने पडद्याआड राहायचं नाकारलं, मुकुट घातलेली, दुतोंडी गरुडाच्या चौकटीतली तिची छापील चित्रं निघाली, ॲमस्टरडॅमलाही एक छापून घेतलं. जर्मन सम्राटाच्या छापील चित्रात भोवती त्याला निवडणारे सात राजे असायचे, सोफियाभोवती तिथे सात सद्गुण काढले. पीटरने सत्ता घेतल्यावर हे छाप नष्ट करायला लावले आणि ती मठात गेली, ओडा आणि गेरट्रूडनंतर सहाशे वर्षांनी स्वतःच्या नावाने चित्रात आलेली बाई.

पीटर १६९८ला लंडनला गेला, गॉडफ्री नेलरने त्याचं उभं तैलचित्र काढलं, दाढी नाही, अंगावर चिलखत, मागे जहाजं. टोपी गेली, प्रभावळ गेली, संत गेले. आणि गंमत म्हणजे याच पीटरच्या काळात जुन्या राजांचेही कपडे बदलले. अलेक्झांडर नेव्हस्की १२६३ला मरताना संन्यास घेऊन गेला होता, म्हणून आयकॉनमध्ये त्याला साधूच्या वेषात काढायचे. १७२४ला पीटरने त्याचे अवशेष सेंट पीटर्सबर्गला आणवले आणि त्याच वर्षी चर्चच्या वरिष्ठ मंडळाने हुकूम काढला की यापुढे त्याला साधू म्हणून काढायचं नाही, राजाच्याच वेषात काढायचं. चेहरा तर कुणालाच माहीत नव्हता. १९४२ला सोव्हिएत सरकारने त्याच्या नावाचं पदक काढायचं ठरवलं तेव्हा पदकावर कुठला चेहरा कोरायचा हा प्रश्न आलाच, आणि तो घेतला १९३८च्या आयझेनस्टाइनच्या सिनेमात नेव्हस्की झालेल्या नटाचा, निकोलाय चेर्कासोव्हचा.